न दुखणाऱ्यांची रांग

बाजाराच्या दिवशी आमच्या दवाखान्यात रांग उलटी लागायची आणि त्यापायी शिव्या मला खाव्या लागायच्या.

मी औषधाच्या खिडकीत बसणारा माणूस. आर्णीपासून आत, कापूस-तुरीच्या शेतांमध्ये वसलेल्या एका गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात माझी अर्धी नोकरी गेली. तिथल्या रांगेचे नियम कुणी कुठे लिहून ठेवले नव्हते, तरी ते सगळ्यांना पाठ होते. विंचू चावलेला सगळ्यांत पुढे, त्याच्यामागे ताप, मग खोकला, आणि ज्यांची नुसतीच कंबर धरली आहे त्यांनी भिंतीला टेकून दम धरायचा. या व्यवस्थेत मी सुखी होतो. मग नव्या डॉक्टर म्हणून बाई बदलून आल्या. आल्यानंतरच्या पहिल्याच बाजाराच्या दिवशी त्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवले आणि खाणीच्या भोंग्यासारख्या आवाजात ओरडल्या, "जिले काहीच दुखत नाही, ते पुढं या!"

कुणी जागचं हललं नाही. दुखत नसताना दवाखान्यात येतं कोण? पण बाईंची नजर बारीक होती. सासूला धरून आणणारी सून, लेकराला डोस पाजायला आलेली आई, बाजाराची पिशवी पायाशी ठेवून घटकाभर सावलीला टेकलेली बाई, अशा दुसऱ्याच्या दुखण्यापायी आलेल्या बायका त्यांनी बरोबर हेरल्या.

"तू. हो, तूच. तुले काय होते?"

"मले काई नाई होत वो. मी बुढीसंग आलतो."

"मंग चाल आत."

दाढ धरून बसलेला एक गृहस्थ रागारागाने माझ्या खिडकीशी आला. "काहून जी? दुखणं घेऊन आलं तं मांगं बसा लागते का इथं?" मी म्हटलं, "मॅडमले विचारा." तो बाईंकडे बघून आला आणि गुपचूप जागेवर बसला. पुढची कित्येक वर्षं मी लोकांना हेच सांगत राहिलो, आणि विचारायची हिंमत कुणी केली नाही. साप, विंचू, बाळंतीण आली की बाई हातातलं सगळं टाकून धावायच्या, हे मात्र सांगायला हवं. बाकीच्यांनी कण्हत बसायचं.

आत काय चालतं हे मला मावशींकडून कळायचं. मावशी म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या परिचर, आणि बाजाराच्या दिवशी त्या खोलीच्या दाराच्या पहारेकरी. आधी रक्तदाब, मग बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर, मग तोंड उघडायला लावून आत बॅटरी मारायची. इथपर्यंत बाया हसतखेळत असायच्या. मग बाई पदर बाजूला घ्यायला सांगायच्या आणि हसणं बंद व्हायचं. त्या खोलीच्या खिडकीला बाईंनी स्वतःच्या जुन्या साड्या फाडून एकावर एक पडदे लावले होते. आतून कडी होती. कडी लागली की मावशी बाहेर स्टूल टाकून बसायच्या आणि मग आरोग्य खात्याचा साहेब आला तरी त्यांचं एकच उत्तर, "बाया आत हायेत."

बाईंच्या टेबलावर कायम एक चहाचा ग्लास वाफाळत असायचा. बाई तो पीत नसत. गार झाला की मावशींना दुसरा मागत. हा काय प्रकार आहे, बाई चहाचं वाटोळं का करतात, असं मी एकदा मावशींना कुरकुरत विचारलं, तर त्या मलाच हसल्या. "हात शेकतेत त्या ग्लासावर. थंड हात लावला तं बाई दचकते ना." त्यानंतर हिवाळ्यात चहाला उशीर झाला तर मीच उठून सांगायला जाऊ लागलो.

बाई उंच, हाडापेरानं मोठ्या, साडीखाली खेळाचे बूट घालणाऱ्या. खुर्चीवर बसलेल्या मी त्यांना फार क्वचित पाहिलं. चपाती-भाजी उभ्यानं, फोन उभ्यानं, वरिष्ठांची बोलणीही उभ्यानंच. लोक त्यांना डॉक्टरीनबाई म्हणायचे. त्या मला गोळीवाले भाऊ म्हणायच्या, आणि चिडल्या की नुसतंच गोळीवाले.

त्या मूळच्या वणीकडच्या, राजूरच्या. कोळशाच्या गावच्या. वडील खाणीत होते. बाईंची आई म्हातारपणी त्यांच्याच क्वार्टरमध्ये राहायला आली होती. ती एकदम खणखणीत बाई होती. बाई छातीच्या या एकाच तपासणीच्या मागे इतक्या का लागल्या आहेत यावर गावात फार चर्चा व्हायची. आईला कॅन्सर झाला असणार, असा बहुमताचा निकाल लागला होता. शेवटी आमच्या सिस्टरने धीर करून विचारलंच. बाई म्हणाल्या, "माह्या मायले? ते तं टुणटुणीत आहे. तिलेही दर वर्षी तपासतो, अन् दर वर्षी ते मले शिव्या देते."

मग का, याचं उत्तर मला एकदा प्रवासात मिळालं. बाई म्हणाल्या, त्यांचे वडील खाणीत उतरले की कामाला हात लावायच्या आधी डोक्यावरचं छत लांब सळईनं ठोकून बघायचे. पक्कं छत वेगळं वाजतं, सुटलेलं वेगळं. "दिसाले दोन्ही सारखेच दिसतेत, गोळीवाले भाऊ. खाली पडेपर्यंत छताचं काई दुखत नाही. म्हणून रोज ठोका लागते." 

आमच्या भागातली चूक नेमकी हीच होती. इथली बाई दिवसभर वाकून कापूस वेचते. तिची कंबर दुखते, बोटं बोंडांनी फाटतात, टाचांना भेगा पडतात. दुखणं तिच्या ओळखीचं असतं. त्याला ती बाम चोळते, तेल लावते आणि पुन्हा कामाला जाते. जे दुखत नाही त्याला आजार म्हणायचं असतं हेच तिला मान्य नव्हतं. छातीत गाठ लागली आणि अंगावर पिणारं मूल असेल तर ते दूध गोठलेलं, नसेल तर कापसाच्या ओट्याची गाठ रुतून आलेली सूज. आमच्याकडे वेचलेला कापूस टाकायला अंगाभोवती धडपं बांधतात, त्याला ओटा म्हणतात. बिचाऱ्या ओट्यावर किती गाठींचं खापर फुटलं असेल कोण जाणे.

एकदा आर्णीला औषधांचे खोके आणायला मी निघालो होतो, तर बाई गाडीच्या मागच्या सीटवर येऊन बसल्या. "मलेही गादीवाल्याकडं काम आहे." गादीवाले चाचा म्हणजे पिढीजात रुई पिंजणारे, बाजाराच्या तोंडाशीच त्यांचं दुकान. बाईंनी पदराच्या गाठीतून एकेक वस्तू काढून त्यांच्यापुढे मांडली. एक सुपारी, एक बोराचं बी, एक हरभरा, एक तुरीचा दाणा.

"चाचा, लहान लेकराची असते तेवढी उशी शिवा. रुई चांगली पिंजून भरा, अन् हे सगळं तिच्या मधात टाका. कुठं टाकलं ते मलेही सांगू नका."

चाचांनी चष्मा वर केला. "मॅडम, तकिये में सुपारी कौन डालता? सोनेवाले का कान दुखेगा ना!"

हळू बोलणं बाईंना जमतच नव्हतं. बायकांच्या छातीतली गाठ हाताला कशी लागते, ती लहान असताना कशी शोधायची आणि त्यासाठी ही उशी कशी कामी येईल, हे त्यांनी भर बाजारात त्या आवाजात समजावून सांगितलं. शेजारचा भांडीवाला भांडी लावायचा थांबला. मी रस्त्याच्या पलीकडे एक बंद पडलेली गाडी होती तिच्याकडे फार लक्ष देऊन पाहू लागलो. चाचा मात्र मान खाली घालून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी सुपारी हातात घेऊन दोन बोटांत फिरवली आणि कापड कापायला घेतलं. पुढच्या बाजाराला त्यांची बीबी आणि मोठी सून आमच्या व्हरांड्यात हजर. सून मावशींना पुन्हा पुन्हा सांगत होती, "हमको कुछ नहीं दुखता, आपा. कुछ भी नहीं दुखता." परवलीचा शब्द म्हणावा तसं.

ती उशी व्हरांड्यात या मांडीवरून त्या मांडीवर फिरायची. कापसाच्या मुलखातल्या बाया त्या, रुईत सरकी चाचपायची बोटांना सवय. "हे बोराचं बी." "हरभरा सापडला व बाई!" अशी पैज लागायची. तुरीचा दाणा फारसा कुणाला सापडायचा नाही. बाई मधूनच बाहेर येऊन दम भरायच्या, "सुपारी कोनालेही सापडते. सुपारी होईपर्यंत वाट पाहू नका. हरभऱ्याची असतानाच या." आणि कुणी घाबरली की लगेच, "बहुतेक गाठी साध्याच असतेत. पण ते मी ठरवीन, तुही जाऊबाई नाही ठरवणार." वरून गृहपाठही असायचा. तुझ्या आईला, मावशीला, आत्याला असं काही झालं होतं का, घरी विचारून ये. लेकराला अंगावर पाज, त्यात तुझंही भलं आहे. खर्रा सोड. हे शेवटचं बायांनाही असायचं, कारण आमच्याकडे खर्रा, म्हणजे सुपारीत घोटलेला तंबाखू, काही पुरुषांनीच खायचा असा नियम नाही.

एकदा गावातला एक मस्करीखोर म्हातारा बायांच्या त्या रांगेत येऊन उभा राहिला. "माहंही काई दुखत नाही वो बाई." सगळा व्हरांडा हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याला खरंच आत नेलं, तोंडातला खर्रा थुंकायला लावला आणि गालाच्या आत बॅटरी मारली. म्हातारा बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात यवतमाळला दाखवायची चिठ्ठी होती. त्यानंतर त्या रांगेची चेष्टा करायला कुणी आलं नाही.

बाईंना सगळं साधत होतं असं मात्र नाही. एका दुपारी एक मोठ्या घरची बाई आली. शेतीवाडी, ट्रॅक्टर, दारात चारचाकी, कशाची म्हणून कमी नव्हती. पदराआड तिनं फडकं बांधलं होतं आणि दारातून आत येताच वास आला. गाठ केव्हाच फुटली होती. लेप लावून, मांत्रिकाकडून झाडून घेऊन, कुणालाही न सांगता तिनं दिवस काढले होते. बाईंनी तिची जखम स्वतः धुतली, गाडी बोलावून तिला पुढे पाठवलं, तिच्या नवऱ्याला शांतपणे सगळं समजावलं. एकदाही आवाज चढवला नाही. मग त्या आत येऊन खुर्चीवर बसल्या. बराच वेळ बसून होत्या. मावशींनी आणलेला ग्लास तसाच गार झाला, आणि त्या दिवशी मी खिडकी बंद करून घरी जाताना त्यांचा निरोप घेतला नाही.

आता अक्काचं सांगतो. खरं तर मला तेच सांगायचं आहे.

अक्का माझी मोठी बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे मला वाढवलं ते तिनं. माझे केस विंचरले तिनं, मला शाळेत ओढत नेलं तिनं, आणि तिचं लग्न झालं तेव्हा वरातीच्या गाडीमागे धावणाऱ्या मला उचलून गाडीत बसवलं तेही तिनंच. सासर मुकुटबनचं. स्वतःची शेती, आणि तिचा कापूस म्हणजे त्या शिवारात नाव घ्यावं असा. पांढराशुभ्र, काडी नाही, वाळक्या पानांचा पातेरा नाही. कापूस वेचायच्या आधी शेतात दही-भात शिंपडून पूजा करतात, ती सीतादही झाली की अक्का माणसांत नसते. भाऊबीज तेवढी ती कशीबशी करते.

त्या वर्षी भाऊबीजेला ती माझ्याकडे आली होती. दुपारी माझा डबा घेऊन दवाखान्यात आली, आणि नेमका बाजाराचा दिवस. बाईंनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"तुले काय दुखते?"

"मले काय होते? भावाचा डबा आणला."

"तिशीच्या वर आहे ना? मंग हो पुढं."

अक्का माझ्याकडे बघून हसली, डबा खिडकीत ठेवला आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च लपेटून ती तशीच घरी गेली.

मी बाईंच्या खोलीत गेलो. "काय झालं बाई?"

"तिलेच विचारा, गोळीवाले भाऊ. ते तिचं आहे, तुमचं नाही."

आता हे भाऊ बहिणीला कसं विचारणार? आमच्या घरात त्या अवयवाला नावच नव्हतं. रात्री जेवताना अक्का माझ्या पानात नेहमीसारखं जास्तीचं वाढत होती आणि मी नेहमीसारखा नको नको म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी ती ठरल्यापेक्षा लवकर मुकुटबनला निघून गेली. ती गेल्यावर बायकोनं मला सांगितलं, "अक्काले तिथं गाठ हाय. बाईनं नागपूरले जाऊन तपासाले सांगतलं. त्या म्हणतेत, कापूस झाल्यावर जाईन. तुमाले सांगू नको म्हणे."

कापूस झाल्यावर म्हणजे संक्रांतीच्याही पुढे. मी खिडकीत बसून गोळ्या देत होतो आणि माझे हात काय करताहेत याच्याकडे माझं लक्ष नव्हतं. फडकं बांधून आलेली ती मोठ्या घरची बाई सारखी डोळ्यांपुढे येत होती. अक्काला फोन केला की ती पावसापाण्याचं, माझ्या पोरांचं विचारायची आणि फोन ठेवून द्यायची. भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, "मी तिले आजवर कदी काई सांगू शकलो का?" तेही खरंच होतं.

"गेली का?" बाई रोज विचारायच्या. मी मान हलवायचो. शेवटी त्या म्हणाल्या, "रविवारी तुमची गाडी काढा."

माझी जुनी चारचाकी मुकुटबनला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. अक्का शेतातच होती, बरोबर वेचणाऱ्या बाया. मला वाटलं, आता बाई ओरडणार. शिव्या घालणार, निदान डॉक्टरी भाषेत घाबरवणार.  त्याऐवजी बाईंनी पिशवीतून एक जुनं धडपं काढलं, अंगाभोवती कसंबसं गुंडाळलं, आणि खेळाचे बूट घालून पऱ्हाटीत शिरल्या. आमच्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. बाईंनी तोडायला सुरुवात केली.

तोडायला हाच शब्द बरोबर आहे. कोळशाच्या गावची ती बाई, तिनं कापूस पाहिला होता तो गादीतच. बोंडातून बोटांनी नुसतं पांढरं उचलायचं असतं, तर बाई बोंडासकट ओरबाडत होत्या. त्याबरोबर वाळकी पानं येत होती, काड्या येत होत्या, एक अख्खी फांदीही आली. ओटा उलटा बांधलेला, त्यामुळे निम्मा माल खाली. वेचणाऱ्या बाया पदर तोंडाशी धरून हसू लागल्या. अक्का धावत आली.

"बाई! काय करून राह्यल्या तुमी?"

"वेचून राह्यलो. तू म्हणाली ना, कापूस झाला का जाईन? म्हटलं, लवकर संपवून देऊ."

"राहू द्या बाप्पा. मले काईच दुखत नाही."

"दुखलं असतं तं मी इथपर्यंत आलोच नसतो," बाई म्हणाल्या. "तू सोताच आली असती."

अक्काचा चेहरा उतरला. ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मटकन बसली. मी दूर गाडीपाशी होतो, पण उघड्या शिवारात आवाज पोचतो, आणि बाईंचा आवाज तर विचारूच नका. अक्का म्हणत होती, "सुई टोचली का पसरते म्हणतेत. आमच्या आतेसासूले नागपूरले नेलतं. वापस आली तं खाटेवरच आली."

"केव्हा नेलतं?"

अक्का ओट्यातला कापूस चाचपू लागली.

"फुटल्यावर नेलतं ना? ज्या बाया पसरल्यावर गेल्या, त्या लोकाईले दिसल्या. ज्या आधी गेल्या, त्या घरी येऊन भाकरी थापून राह्यल्या, त्याहीच्याकडं कोन पाह्यते? माह्या हाताले तुही गाठ हरभऱ्याएवढी लागली. कदाचित ते काईच नसंन. पण मले ते माहीत नाही, अन् तुलेही नाही. भेव वाटते ना?"

"लय भेव वाटते वो बाई."

"वाटू दे. भेव घेऊनच चाल."

एवढं बोलून बाई पुन्हा उठल्या आणि पऱ्हाटीला भिडल्या. अक्कानं थोडा वेळ ते पाहिलं. बाईंनी धुऱ्यावर ओतलेला ढीग पाहिला, त्यातून कापसापेक्षा पातेराच जास्त दिसत होता. आयुष्यभर जपलेला तिचा पांढराशुभ्र माल, त्याची ही दशा. मग ती उठली आणि बाईंच्या अंगावरचा ओटा तिनं स्वतःच्या हातानं सोडला.

"मी जातो नागपूरले. उद्याच जातो. पण तुमी माह्या पऱ्हाटीले हात नका लावू!"

वेचणाऱ्या बाया इतक्या हसल्या की काहींना खाली बसावं लागलं. अक्काही हसत होती आणि डोळे पुसत होती. बाई मात्र गंभीरपणे बोटांतले काटे काढत उभ्या होत्या. मग त्यांनी हसणाऱ्या त्या बायांकडे मोर्चा वळवला. बांधावरच्या पळसाला लुगडी बांधून आडोसा झाला, भाऊजींना आणि मला हाकलून रस्त्यावर पाठवलं गेलं, आणि परत निघेपर्यंत दिवस कलला होता.

ती गाठ साधी नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी कागद पुढे ठेवला तेव्हा मी तो वाचला, आणि नंतर दवाखान्याच्या मागच्या जिन्यात बसून पोरासारखा रडलो. पण ती लहान होती. काखेपर्यंत पोचली नव्हती. सगळी छाती काढावी लागली नाही, गाठ आणि तिच्या आजूबाजूचं तेवढं काढलं. पुढची औषधं चालू असताना अक्काचे केस गेले, तोंडाची चव गेली, आणि माझ्या पानात वाढायची तिची सवय काही गेली नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, "फार वेळेवर आलात. कुणी पाठवलं?" मी त्यांना बाईंचं आणि त्यांच्या उलट्या रांगेचं सांगितलं.

परत आल्यावर मी बाईंच्या पाया पडायला वाकलो. "कंबर धरंन तुमची, गोळीवाले भाऊ," म्हणून त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. "तुमच्या बायकोले आणलं का अजून?" आणलं नव्हतं. त्याच बाजाराच्या दिवशी आणलं.

मी उघड बोलणारा माणूस नाही, पण इथे बोलतो. माझी आई दुसऱ्यांदा मरायची होती, ती या बाईमुळे वाचली. नोकरीत मी हुशार डॉक्टर पाहिले, प्रेमळ पाहिले, सकाळी सहीपुरते येणारेही पाहिले. दुखत नसलेल्या माणसाच्या मागे धावणारी ही एकच पाहिली. त्या उपकाराची फेड होत नसते. मी तसा प्रयत्नही करत नाही.

बाई निवृत्त झाल्या त्याला आता बरेच दिवस झाले. वणीला एका दवाखान्यात आठवड्यातून काही दिवस बसतात. बसतात म्हणायचं, उभ्याच असतात. मुकुटबनहून वणी जवळ, त्यामुळे अक्काचं त्यांच्याकडे जाणंयेणं चालू असतं.

परवा मी अक्काकडे गेलो होतो. तिच्या शेजारच्या घरची सून ओसरीवर येऊन बसली होती. लहान वयाची, दोन लेकरांची आई. तिला आंघोळ करताना गाठ लागली होती. नवरा कामासाठी बाहेरगावी, आणि सासूचं म्हणणं होतं की तो आल्यावर पाहू. अक्का तिला बऱ्याच दिवसांपासून समजावत होती. वणीच्या बाईंना एकदा दाखव, मी सोबत येते, एवढंच तिचं म्हणणं. मी आल्याचं पाहून पोरगी संकोचली, पण अक्कानं तिला उठू दिलं नाही.

"काकू, तुमी सांगता ते पटते मले," पोरगी खाली बघत म्हणाली. "पण कापतेत म्हणे. कापल्यावर बाईचं काय राह्यते?"

 माझी बहीण अशी की आजही मोठे दीर समोर आले तर डोक्यावरून पदर घेते. दवाखान्यातून घरी आल्यापासून तिनं तो विषय माझ्यापुढे कधी काढला नाही आणि मी कधी विचारला नाही. ती उठली, त्या पोरीचा हात धरला, तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

मी ओसरीवर एकटाच राहिलो. आतून बोलण्याचा आवाज येत नव्हता. पुढ्यातला चहा प्यायचं सुचेना. अंगणात तिची लेकरं खेळत होती, त्यांच्याकडे पाहत मी बसून राहिलो.

दार उघडलं. पुढे ती पोरगी होती, डोळे लाल. मागे अक्का, पदर नीट करत. पोरीनं अंगणात येऊन चपला पायांत घातल्या, लेकरांना समोरच्या घरातल्या आजींकडे जायला सांगितलं आणि माझ्याकडे वळली.

"मामा, गाडी काढा," ती म्हणाली. "सासूले मी आल्यावर सांगीन."